सलीम अली : नाव मोठे, नोंद त्याहून मोठी

थंडी पडू लागली की वर्सोव्याच्या खाडीवर कुरवांचे थवे उतरतात. कोळ्यांच्या होड्यांभोवती घिरट्या घालणारे हे पांढरे पक्षी इथले नव्हेत. त्यांतले तपकिरी डोक्याचे कुरव लडाख आणि तिबेटच्या उंच सरोवरांवर जन्मतात आणि हिवाळा काढायला समुद्रकाठी येतात. पाखरांच्या अशा वाटा शोधायच्या तर त्यांच्या पायात क्रमांकाची कडी घालून सोडावे लागते आणि ती पुन्हा कुठे सापडतात याची नोंद ठेवावी लागते. भारतात हे काम मोठ्या प्रमाणावर उभे करणाऱ्या माणसाचे नाव डॉ. सलीम अली.

हे नाव सर्वांना ठाऊक आहे. गोव्यात चोडण बेटावर त्यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य आहे, कोइम्बतूरला संशोधन केंद्र आहे, छत्रपती संभाजीनगरात सरोवर आहे. दक्षिण भारतातल्या एका दुर्मीळ वटवाघळालाही त्यांचे नाव दिलेले आहे. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. त्याचा पहिला दिवस मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि शेवटचा सलीम अलींचा. गळ्यात दुर्बीण, पांढरी दाढी, कृश देह हे छायाचित्र पाठ्यपुस्तकांतून घरोघर पोचले आहे.

मात्र प्रसिद्धी माणसाला सोपा करून टाकते. सलीम अली म्हणजे पाखरांना दाणे घालणारे कुणी कनवाळू आजोबा, असा समज त्यातून झाला. प्रत्यक्षात त्यांच्या खांद्यावर अनेक वर्षे बंदूक होती. अभ्यासासाठी त्यांनी हजारो पक्षी टिपले, त्यांची कातडी भरून संग्रहालयांत ठेवली आणि याबद्दल कधी लपवाछपवी केली नाही. त्यांची ओढ लाड करण्याची नव्हती, जाणून घेण्याची होती. आणि जे जाणले ते जसेच्या तसे लिहून ठेवण्याची.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई झीनतुन्निसा. या यतीम लेकरांना मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी सांभाळले. काँग्रेसचे पहिले मुस्लिम अध्यक्ष बद्रुद्दीन तय्यबजी याच घराण्यातले. घर मोठे, माणसे पुष्कळ, सुट्टीत चेंबूर किंवा अलिबागजवळचे किहीम. त्या काळचे चेंबूर म्हणजे रानच होते. उपनगरांतली आजची दाट वस्ती तेव्हा स्वप्नातही नव्हती आणि वर्सोवा हे खाडीच्या तोंडाशी वसलेले कोळ्यांचे गाव होते.

मामा शिकारीचे शौकीन. मुलाच्या हातात छऱ्याची बंदूक आली आणि चिमण्या टिपणे हा त्याचा खेळ झाला. दहा-बारा वर्षांच्या सलीमने एकदा टिपलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. घरात संस्कार असा की शिकार जायज असेल तरच खायची आणि तीही हलाल करून. ही चिमणी नेहमीची नाही, मग ती खावी की नाही? मुलगा अडला. पक्षी घेऊन मामांकडे गेला. मामांनाही नाव सांगता येईना. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सदस्य होते. त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले.

मिलार्ड मद्याच्या व्यापारातले इंग्रज गृहस्थ होते. भीत भीत आलेल्या या पोराला त्यांनी हाकलले नाही. ही पीतकंठी चिमणी आहे, असे सांगून त्यांनी कपाटांचे खण उघडले आणि भरून ठेवलेले शेकडो पक्षी दाखवले. वाचायला पुस्तके दिली, पक्ष्याची कातडी कशी काढावी आणि नोंद कशी करावी हे पुढे शिकवायची व्यवस्था केली. सलीम अलींच्या आयुष्याची वाट त्या दिवशी वळली. म्हातारपणी लिहिलेल्या आत्मचरित्राच्या नावातही त्यांनी ती चिमणी आणली.

ही गोष्ट आता दंतकथेसारखी सांगितली जाते. पण त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षे कुणी सांगत नाही, कारण ती अपयशाची आहेत. सलीम अली सेंट झेवियर्समध्ये दाखल झाले, मात्र पदवी पुरी झाली नाही. १९१४ च्या सुमारास ते ब्रह्मदेशात तवॉय इथे कुटुंबाचा लाकडाचा आणि वुल्फ्रॅमच्या खाणीचा धंदा पाहायला गेले. मन हिशेबापेक्षा भोवतालच्या जंगलात. मधल्या काळात मुंबईला परतून त्यांनी व्यापारी कायदा आणि हिशेबाचा अभ्यास केला आणि फादर ब्लॅटर यांच्या प्रोत्साहनाने झेवियर्समध्ये प्राणिशास्त्रही शिकले. डिसेंबर १९१८ मध्ये तहमीना बेगम यांच्याशी लग्न झाले. पुढे ब्रह्मदेशातला धंदा बुडाला.

भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत पक्षीतज्ज्ञाची जागा निघाली, तेव्हा सलीम अलींकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. जागा दुसऱ्याला मिळाली. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्ग विभागात येणाऱ्यांना माहिती सांगायची नोकरी लागली. आपले शिक्षण अपुरे आहे हे त्यांना कळत होते. १९२८ मध्ये रजा काढून ते बर्लिनला गेले आणि एर्विन श्ट्रेसमान या थोर पक्षीशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. नुसते नमुने गोळा करण्यापेक्षा जिवंत पक्ष्याचे वर्तन पाहणे किती मोलाचे, हे तिथे त्यांच्या मनात पक्के झाले. परत आले तर पैशाअभावी त्यांची जागाच बंद झालेली.

हातात परदेशी शिक्षण, खिसा रिकामा. पती-पत्नी मुंबईचा खर्च झेपेना म्हणून किहीमला घरच्या बंगल्यात राहायला गेले. तिथे जवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. १९३० च्या पावसाळ्यात सलीम अलींनी शिडी लावून, आडोसा करून, दिवसचे दिवस त्या घरट्यांचे निरीक्षण केले.

मराठी माणसाला सुगरण म्हटले की बहिणाबाईंची आठवण होते. नाव स्त्रीलिंगी, म्हणून खोपाही तीच विणत असणार, असे आपण धरून चालतो. सलीम अलींनी पाहिले ते वेगळेच होते. घरटे नर विणतो. अर्धे झाले की थांबतो. मग माद्या येतात, त्या अर्धवट घरट्यांची पाहणी करतात. एखादीने घरटे पसंत केले तरच नर ते पुरे करतो. ती अंडी उबवायला बसली की हे महाशय दुसरे घरटे विणायला घेतात, दुसरीसाठी. शतकानुशतके माणसांच्या डोळ्यांपुढे चाललेला हा संसार इतक्या बारकाईने पाहून कुणी लिहिला नव्हता. १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात हा अभ्यास छापून आला आणि जाणकारांनी मान वर करून पाहिले. नोकरी गेल्यामुळे मिळालेल्या रिकामपणाचे हे फळ होते.

यानंतर सलीम अलींनी संस्थानिकांपुढे एक प्रस्ताव ठेवला. तुमच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी करून देतो, मेहनताना नको, फिरण्याचा आणि मुक्कामाचा खर्च तेवढा द्या. हैदराबाद संस्थानाने तो मान्य केला. आजचा मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. मग त्रावणकोर आणि कोचीन, पुढे इतर प्रांत. बैलगाडी, तंबू, कंदील, आणि सोबत तहमीना बेगम. इंग्लंडमध्ये शिकलेल्या या बाईंनी रानावनातला संसार तक्रार न करता केला आणि नवऱ्याची इंग्रजी भाषा साफसूफ करून दिली. पुढे वाचकांनी सलीम अलींच्या ज्या लेखनशैलीचे कौतुक केले, तिच्यात तहमीना बेगमचा वाटा मोठा होता. १९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्या अचानक गेल्या. सलीम अलींनी पुन्हा लग्न केले नाही. बहीण आणि मेहुण्यांकडे वांद्र्याच्या पाली हिलवर ते राहिले आणि कामात स्वतःला गाडून घेतले.

या पाहण्यांतून जमा झाल्या त्या नोंदी. तारीख, ठिकाण, झाडाचे नाव, पक्षी काय खात होता, आवाज कसा होता. रोजा ही अशी इबादत आहे की ती जगाला दिसत नाही. एकांतात कुणी घोटभर पाणी प्यायले तरी कळायचे नाही. रोजा खरा की खोटा, हे रोजेदार आणि त्याचा परवरदिगार यांनाच ठाऊक. रानातल्या नोंदवहीचेही तसेच आहे. पक्षी कुठे दिसला, कधी टिपला, हे लिहिणारा एकटा असतो. त्याने चिठ्ठीवर खोटे गाव लिहिले तर तपासणार कोण? सारे शास्त्र त्या एकट्या माणसाच्या इमानावर उभे असते.

हे इमान किती महाग असते, याचा दाखला सलीम अलींच्या सोबतीलाच होता. १९३७ मध्ये ते अफगाणिस्तानच्या मोहिमेवर गेले, ते कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांच्याबरोबर. कर्नलसाहेबांची कीर्ती तेव्हा दिगंत होती. पहिल्या महायुद्धातले नामांकित गुप्तहेर, धाडसी शिकारी, सुमारे वीस हजार पक्ष्यांचा खासगी संग्रह. भारतीय माणसांविषयी त्यांचे मत फारसे चांगले नव्हते. आपल्या रोजनिशीत त्यांनी या हिंदी सोबत्यालाही कमी लेखले आणि हिंदी लोक राज्य चालवायला नालायक असल्याचे लिहून ठेवले. सलीम अलींना पुढे ते वाचायला मिळाले, तेव्हा त्यांनी रागावण्याऐवजी तो मजकूर आपल्या आत्मचरित्रात छापून टाकला. दोघांत जगाच्या लेखी मोठा कोण, याविषयी १९३७ मध्ये कुणाला शंका नव्हती.

१९४१ मध्ये सलीम अलींचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक निघाले. रंगीत चित्रे, सोपी भाषा, सामान्य माणसाला बागेतला पक्षी ओळखता यावा अशी मांडणी. प्रसिद्धीची खरी सुरुवात इथे झाली. तेव्हा ते ४५ वर्षांचे होते. नेहरूंनी डेहराडूनच्या तुरुंगातून हे पुस्तक इंदिरा गांधींना पाठवले आणि इंदिराजींना पक्ष्यांचा नाद लागला तो त्यातून. स्वातंत्र्यानंतर सोसायटी पैशावाचून बंद पडायच्या बेतात असताना सलीम अलींनी नेहरूंना लिहिले आणि मदत मिळवली.

मग मान आपणहून चालत आले. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती. ब्रिटिश पक्षीशास्त्रज्ञांच्या संघटनेने सुवर्णपदक दिले. पदवी नाही म्हणून ज्यांना नोकरी नाकारली गेली, त्यांना अलिगढसह तीन विद्यापीठांनी सन्मानाची डॉक्टरेट दिली. आपण ज्या आदराने डॉक्टर सलीम अली म्हणतो, तो डॉक्टर हा शब्द असा आलेला आहे. पॉल गेटी पुरस्काराचे ५० हजार डॉलर हाती आले, तेव्हा त्यांनी त्या पैशातून निसर्ग संवर्धनाचा निधी उभा केला. अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ डिलन रिप्ली यांच्या जोडीने भारत आणि पाकिस्तानातल्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पुरा केला. या सगळ्यात ऐट नव्हती. मोटारसायकलचा शौक मात्र जबर. १९५० मध्ये स्वीडनमधल्या पक्षीशास्त्राच्या परिषदेला जाताना त्यांनी आपली मोटारसायकल बोटीने युरोपात नेली आणि तिच्यावर बसून ५३ वर्षांचा हा गृहस्थ उप्सालाला पोचला.

प्रसिद्धीबरोबर संशयही येतो. पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याच्या कामाला सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेची मदत होती. पक्ष्यांमार्फत रोगजंतू कसे पसरतात हे त्यातून तपासायचे होते. पुढे पैसा अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय संशोधन विभागाकडून येऊ लागला. त्यातच रिप्ली दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी गुप्तचर खात्यात होते. १९६० च्या दशकात वृत्तपत्रांतून आरोप झाला की पक्ष्यांच्या आडून जंतुयुद्धाची तयारी चालली आहे. सत्तरीच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाच्या निष्ठेवरच बोट ठेवले गेले. सरकारने चौकशी केली, गैर काही आढळले नाही. या काळात सलीम अलींच्या कामी आले ते त्यांचे नाव नव्हे. कुठल्या पक्ष्याला कुठल्या दिवशी कोणत्या क्रमांकाची कडी घातली, याचे लेखी दप्तर त्यांच्यापाशी होते आणि ते कुणालाही तपासता येत होते.

तरीही एके ठिकाणी नावाचे वजन जरा जास्तच पडले. राजस्थानातले भरतपूरचे पाणथळ हे पूर्वी राजाचे शिकारीचे रान. नोव्हेंबर १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत तिथे एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. स्वातंत्र्यानंतर हे पाणथळ बुजवून शेती करावी, अशी मागणी झाली. सलीम अलींनी शब्द टाकला आणि भरतपूर वाचले. आज ते जागतिक वारसा स्थळ आहे. केरळच्या सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणाखाली जाऊ नये म्हणून झालेल्या चळवळीतही त्यांच्या शब्दाला असेच वजन होते.

पण भरतपूरची गोष्ट इथे संपत नाही. आसपासच्या गावांची गुरे आणि म्हशी या पाणथळात चरत. पक्ष्यांना त्याचा त्रास होतो, चराई बंद व्हावी, असे जाणकारांचे मत होते आणि सलीम अलींचा त्याला पाठिंबा होता. १९८२ मध्ये बंदी लागू झाली. गावकरी चिडले, पोलिसांचा गोळीबार झाला, त्यात माणसे मेली. या गरीब गुराख्यांची बाजू मांडणारे मोठे नाव त्यांच्याकडे नव्हते.

आणि मग एक अनपेक्षित गोष्ट घडली. सलीम अलींच्याच सोसायटीचे संशोधक भरतपुरात जवळजवळ दहा वर्षे ठाण मांडून अभ्यास करत होते. म्हशी गेल्यावर पाण्यातले गवत बेसुमार माजले, उघडे पाणी कमी झाले आणि बदके, सायबेरियाचे क्रौंच अशा पक्ष्यांची अडचण झाली, असे त्यांना दिसून आले. म्हशी शत्रू नव्हत्या, त्या पाणथळ मोकळे ठेवत होत्या. सोसायटीने हा निष्कर्ष दडवला नाही. संस्थेच्या सर्वांत मोठ्या माणसाचे मत चुकीचे ठरले, हे संस्थेनेच कागदावर मांडले. गोळीबारात गेलेली माणसे त्याने परत आली नाहीत. ती किंमत हिशेबात धरल्याशिवाय सलीम अलींचे चरित्र पुरे होत नाही. मात्र मोठ्या नावाची चूक दाखवण्याची हिंमत त्या संशोधकांना ज्या शिस्तीतून मिळाली, ती सलीम अलींनीच घालून दिली होती. कुणाचेही मत असो, आधी जाऊन पाहा आणि दिसेल ते लिहा.

सलीम अली रूढ अर्थाने धार्मिक नव्हते. लहानपणी घोकून घेतलेल्या नमाजाने आपले मन तिकडे वळले नाही, हे त्यांनी मोकळेपणाने लिहिले. रागीट होते, कंजूष वाटावेत इतके काटकसरी होते, तंबूत घोरणाऱ्या माणसाचा त्यांना तिटकारा होता. त्यांना वली बनवण्याची गरज नाही. २० जून १९८७ रोजी मुंबईत वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचा इंतकाल झाला.

त्यानंतर काही वर्षांनी कर्नल माइनर्ट्‌झहागेन यांच्या संग्रहाची तपासणी सुरू झाली. पामेला रासमुसेन आणि रॉबर्ट प्रिस-जोन्स या दोन संशोधकांनी एकेक नमुना पाहिला. कर्नलसाहेबांनी संग्रहालयांतून दुसऱ्यांचे पक्षी चोरले होते आणि त्यांवर खोटी गावे, खोट्या तारखा लिहून आपले म्हणून मिरवले होते. यातच रानपिंगळ्याचा एक नमुना निघाला. हे छोटे घुबड एकोणिसाव्या शतकानंतर कुणाला दिसलेच नव्हते. अपवाद एकच, कर्नलसाहेबांनी १९१४ मध्ये गुजरातेत मिळवल्याचे सांगितलेला पक्षी. त्या नोंदीवर विसंबून सलीम अली आणि रिप्ली यांच्यासारख्यांनी त्याचा शोध घेतला आणि ते रिकाम्या हातांनी परतले. खोटी चिठ्ठी लिहिणाऱ्याचे नाव एवढे मोठे होते की तिच्यावर शंका घ्यायला कुणाला सुचले नाही. तो नमुना खरे तर जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात खानदेशात मिळवलेला होता.

खोटे पत्ते बाजूला सारल्यावर रासमुसेन आणि त्यांचे सहकारी जुन्या, खऱ्या नोंदींच्या मागे निघाले. नोव्हेंबर १९९७ मध्ये, खऱ्या नोंदीला ११३ वर्षे झाल्यावर, नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी एका उघड्या फांदीवर रानपिंगळा बसलेला दिसला. तो इतकी वर्षे तिथेच होता. डेव्हिडसनचे नाव आज फारसे कुणाला आठवत नाही, पण त्याने लिहिलेले गाव खरे होते.